काचेवर दोनदा

सोमवार, ता. ९

प्रिय ठकू,

आशीर्वाद. तू सुखरूप पोचलीस हे आईच्या फोनवरून कळलं. तुझ्याकडून कळलं असतं तर बरं वाटलं असतं, पण असो. आईचा गुडघा कसा आहे? तिला रोज तेल चोळून घ्यायची सवय आहे, पण माझ्या हातचं तिला कधी मानवलं नाही. "मोठीचा हात जड, धाकटीचा हलका," हे मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. आता तिची चंगळ आहे म्हणायची.

इकडचं सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागलाय, त्याला फडकं बांधून ठेवलंय. तुझ्या कुंड्यांना पाणी मिळतंय की नाही ते मला माहीत नाही, कारण किल्ली तू खालच्या शिंपीणबाईंकडे देऊन गेलीस. एकाच जिन्यावर सख्खी बहीण राहते आणि किल्ली शिंपीणबाईंकडे. त्यांनीच मला काल विचारलं, "ताई, तुमचं दोघींचं काही वाजलंय का?" मी म्हटलं, छे हो, घाईत गेली ती.

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. तसाही मला घरी आल्यावर फोनचा कंटाळा येतो. दिवसभर तेच, आणि पुन्हा तेच कोण करील? शिवाय एकोणीस वर्षं बोललेला शब्दन् शब्द टेप होत आलाय. त्यामुळे आईशी बोलतानासुद्धा नुसतं "बरं" म्हणायच्या आधी मी विचार करते. कागद बरा. खोडता येतो.

हे पत्र आईला वाचून दाखव. तिला सगळं नीट कळावं म्हणून फोड करून लिहितेय, तू कंटाळू नकोस.

तर आई, आमच्या सेंटरला कुणाचाही फोन आला की आधी तो मी घेते. कोण बोलतंय, कुठून, काय झालंय. समोर प्रश्नांचं कार्ड असतं. छातीत दुखतंय, रक्त थांबत नाही, माणूस हलत नाही असं काही निघालं की लगेच ॲम्ब्युलन्स. आम्ही तिला नुसतं गाडी म्हणतो. पूर्वी सगळ्यांनाच गाडी जायची. बोट कापलं, गाडी. दात दुखतोय, गाडी. एकाच्या कानात मुंगी गेली होती, तर त्यालाही गाडी. मग ज्याला खरी गरज त्याच्या वेळी एकही गाडी जागेवर नसायची. म्हणून आठ महिन्यांपूर्वी आमच्या खोलीत काचेपलीकडे नर्सचं टेबल सुरू केलं. कार्डावर घाईचं काही निघालं नाही की मी बटण दाबून कॉल नर्सकडे द्यायचा. ती सावकाश बोलते, घरी काय करायचं ते सांगते, डॉक्टरची वेळ मिळवून देते, आणि तिला गरज वाटली तर तीच गाडी मागवते. ती नर्स म्हणजे आपली ठकू. वॉर्डात पेशंट उचलून उचलून तिची पाठ गेली तेव्हा तिला इथे आणलं कुणी? तिचा अर्ज मीच भरला होता. फोटोसुद्धा मीच चिकटवला होता.

आता बुधवारचं सांगते, म्हणजे उगाच इकडून तिकडून ऐकायला नको. आमच्याकडे एक घड्याळवाले आजोबा नेहमी फोन करतात. घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आता एकटेच राहतात. अकरा वर्षं त्यांचा आवाज माझ्या ओळखीचा आहे. बुधवारी सकाळी पावणेआठला त्यांचा फोन आला. कार्डावर घाईचं काहीही निघालं नाही. नियमाप्रमाणे कॉल नर्सला द्यायचा. पण मला त्यांच्या आवाजात दम लागल्याचं जाणवलं. मी नियम बाजूला ठेवला आणि गाडी पाठवली. फुफ्फुसात पाणी भरलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन तास गेले असते तर आजोबा हाती लागले नसते.

साहेबांनी अभिनंदनाचं पत्र काढलं आणि फलकावर लावलं. मी नको नको म्हणत होते. "एका मिनिटात श्वास ओळखला," असं त्यात लिहिलंय. पत्राची एक प्रत सोबत पाठवतेय, आईला दाखव. चष्मा लावून वाचायला सांग.

तुझ्या चौकशीचं म्हणशील तर ती नुसती रीत आहे. आदल्या दिवशी, मंगळवारी, हेच आजोबा तुझ्याशी बोलले होते आणि तू त्यांना घरी थांबायला सांगितलंस. तेव्हा कुणीतरी विचारणारच ना? सत्तावीसला चौकशी झाली की होईल सगळं सुरळीत. तोवर आराम कर. मला साहेबांनी जे विचारलं तेवढंच मी सांगितलंय, त्याहून एक शब्द जास्त नाही.

तुझ्या टेबलावर सध्या प्रिंटर ठेवलाय.

तब्येतीला जप. आईला नमस्कार.

तुझी
ताई

---

बुधवार, ता. १८

ठकू,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठ्ठी. चार ओळी. "ताई, पत्र पोचलं. आईचा गुडघा बरा आहे. एकच विचारते. बुधवारी सकाळी माझा दिवा हिरवा होता, मी रिकामी बसले होते. तू कॉल मला का दिला नाहीस?"

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

का दिला नाही, का दिला नाही. एकोणीस वर्षं मी त्या खुर्चीत बसलेय. एखादा कॉल कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही एवढी तरी अक्कल मला असेल ना? मी गाडी पाठवली म्हणून तो माणूस आज जिवंत आहे. कुणी दुसरी असती तर तिला तू मिठी मारली असतीस. मी आहे म्हणून जाब विचारतेस.

आता विषय काढलाच आहेस तर ऐक.

तुला वाटतं तू आलीस आणि सगळ्यांना आवडलीस, आणि त्यात माझ्या पोटात दुखण्यासारखं काय आहे. सांगते काय आहे. मी रोज शंभर-सव्वाशे माणसांशी बोलते. प्रत्येकाला दीड मिनिट. समोर भिंतीवर घड्याळ आहे, दीड मिनिट झालं की आकडे लाल होतात. लोक रडतात, ओरडतात, शिव्या देतात, आणि मी म्हणते, "पत्ता सांगा." कुणी मरत असतं, मी म्हणते, "घराची खूण सांगा." गाडी पोचली की फोन तुटतो. पुढे काय झालं, वाचला की गेला, मला कधीच कळत नाही. ज्यांना मी गाडी पाठवली ते एकतर मेले, नाहीतर मला विसरले. एकोणीस वर्षांत एक माणूस विचारत आला नाही की त्या दिवशी फोनवर कोण बाई होत्या.

आणि तू आलीस, तर तिसऱ्या आठवड्यात एक बाई दारात उभी. हातात स्वतः विणलेले मोजे. "नर्सबाईंसाठी. माझ्या बाळाच्या तापात अर्धा तास बोलल्या हो माझ्याशी." त्या बाईचा फोन आधी मीच घेतला होता. तिचा पत्ता मीच लिहिला होता. तिनं माझ्याकडे पाहून विचारलं, "नर्सबाई कुठे बसतात?" मी बोट दाखवलं.

तुझ्या पायात ते मोजे बघत मी सगळी थंडी काढली.

तुला ठाऊक नाही, कॉल दिल्यावर मी पुष्कळदा लाइनवरून उतरायचे नाही. ऐकत राहायचे. उतरायला हवं असा नियम आहे, पण कोण बघतंय? तू काय म्हणतेस हे मला पाठ आहे. "आधी बसा. पाणी प्या. मी कुठे जात नाहीये." मी कुठे जात नाहीये. हे ऐकलं की पलीकडचा माणूस निम्मा बरा होतो. मलासुद्धा बरं वाटायचं, म्हणजे बघ. आणि मग नाकाला मिरच्या झोंबायच्या. मी हे वाक्य आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही. मला तेवढा वेळच कुणी दिला नव्हता.

घड्याळवाले आजोबा अकरा वर्षं माझे होते. हसू नकोस. त्यांना कधी चक्कर यायची, कधी हात बधिर व्हायचा, कधी नुसतंच कुणीतरी हवं असायचं, आणि मी गाडी पाठवायचे. गाडीतली पोरं मला टोमणे मारायची, "बाई, आज कुठलं घड्याळ बंद पडलं?" तरी पाठवायचे. आणि तुझं टेबल सुरू झालं त्याच्या पंधराव्या दिवशी आजोबा मला म्हणाले, "ऑपरेटरबाई, तुम्हाला पत्ता माहीत आहेच. नर्सबाईंना द्या."

ऑपरेटरबाई.

नर्स तर मीच व्हायची होते. आई हे आता सांगत नाही, पण तूही विसरलीस का? मी तीन आठवडे ट्रेनिंगला गेले होते. पहिल्यांदा गळू कापताना बघितलं आणि चक्कर येऊन पडले ती थेट पेशंटच्या अंगावर. त्यानं मला सावरलं. सगळा वॉर्ड हसला. मी घरी आले, आणि सहा वर्षांनी तोच कोट घालून तू गेलीस. माझा कोट. आईनं खांद्यात थोडा आत घेतला, की तुला बरोब्बर बसला. फोटो काढले तेव्हा मी तुझ्या शेजारी उभी होते आणि आई म्हणाली, मोठी जरा बाजूला हो, कोटावर सावली पडतेय.

हे सगळं आठ महिन्यांचं नाही ठकू. आठ महिने ते फक्त काचेपलीकडे बसलं होतं.

आणि आता टकटकीचं. कॉल देताना काय सूचना आहे ते लाइनवरच सांगायचं, म्हणजे टेप होतं, असा नियम आहे. आपण दोघींनी तो कधी पाळला नाही. लहानपणी दोन मजली पलंगावर झोपायचो तेव्हापासूनची आपली भाषा. तू खालच्या फळीवरून एकदा वाजवलंस तर "झोपलीस का", दोनदा वाजवलंस तर "खाली ये, भीती वाटतेय". दोनदा ऐकलं आणि मी खाली आले नाही असं एकदाही झालं नाही. तेच आपण सेंटरमध्ये आणलं. कॉल देताना मी काचेवर एकदा वाजवलं तर साधा कॉल, दोनदा वाजवलं तर "नीट बघ, मला काहीतरी खटकतंय". पटकन व्हायचं, आणि सगळी खोली आपल्याकडे बघायची ते मला आवडायचं.

मंगळवारी आजोबांचा कॉल देताना मी दोनदा वाजवलं होतं. तू लक्ष दिलं नाहीस. हे सांगायची माझी मुळीच इच्छा नव्हती. पण साहेबांनी थेट विचारलं, "कालही यांचा कॉल तुम्हीच घेतला होता, मग काल श्वास कळला नाही का?" मी काय सांगायचं होतं? कळला होता, मी दोनदा वाजवून नर्सला खूण केली होती, असं सांगितलं. लेखी दिलं. चौकशी त्यावरच आहे. खूण मिळूनही गाडी का मागवली नाही, एवढंच ते विचारतील.

तेव्हा आता मला प्रश्न विचारण्यापेक्षा सत्तावीसला काय उत्तर द्यायचं त्याची तयारी कर.

ताई

ता. क. नळवाला येऊन गेला. नळ अजून गळतोय.

---

सोमवार, ता. २३

माझी ठकू,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंतच वाटायला लागलं की काठी घेऊन पेटीतून बाहेर काढावं. दोन दिवस त्या पेटीसमोरून गेले की मान वळवायचे. कागदावरचं खोडता येतं असं मीच तुला लिहिलं होतं. पेटीत पडल्यावर कुठलं खोडता येतंय?

शनिवारी मी आजोबांना भेटायला हॉस्पिटलात गेले. खोटं कशाला सांगू, आभार मानून घ्यायला गेले होते. नवी साडी नेसले. आरशात बघून "अहो, त्यात काय एवढं, माझं कामच आहे ते," असं म्हणूनसुद्धा पाहिलं.

अकरा वर्षांत त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा बघितला. मला वाटलं होतं उंच, सडसडीत असतील. बुटके आहेत, गोल, कान मोठे. खिडकीजवळच्या खाटेवर बसून शेजारच्या पेशंटचं मनगटी घड्याळ सुरीच्या टोकानं उघडत होते. मी म्हटलं, "ओळखलंत का?" आवाज ऐकला मात्र, त्यांनी ताबडतोब ओळखलं. "ऑपरेटरबाई! पत्ता सांगू का?" आणि खो खो हसले. मग माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाले, "नर्सबाई नाही आल्या?"

मी म्हटलं, ती रजेवर आहे.

ते म्हणाले, "त्यांना सांगा हं, त्यांचं ऐकलं म्हणून वाचलो."

मी म्हटलं, "काय ऐकलं?"

ठकू, त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. "मंगळवारी मी नर्सबाईंना म्हटलं, पाय जड झालेत. त्यांनी पंचवीस प्रश्न विचारले. उशा किती घेता, जिना चढता का, मोजा काढल्यावर वळ राहतो का. मग म्हणाल्या, आत्ता गाडीची गरज नाही, उद्या दहाची डॉक्टरची वेळ घेऊन देते. पण सकाळी उठल्यावर आधी बूट घालून बघायचा. रोजचा बूट पायात गेला नाही, तर सूज चढली, अंगात पाणी साठतंय असं समजायचं. दहाची वाट बघायची नाही, तडक फोन करायचा आणि माझं नाव सांगून म्हणायचं, बूट जात नाहीये. मला लगेच कळेल. तर सकाळी बूट जाईना. मी तुम्हाला तेच सांगत होतो. तुम्ही म्हणालात, बूट राहू दे आजोबा, दार उघडून ठेवा."

मी खाटेच्या कडेवर बसले.

त्यांनी खरंच सांगितलं होतं. बुधवारच्या टेपवर आहे. "नर्सबाईंना द्या, त्यांना सांगायचंय, बूट जात नाहीये." सेंटरमध्ये ती टेप सगळ्यांनी ऐकली. बुटाच्या वाक्याला प्रत्येक वेळी हसू येतं. म्हाताऱ्याचं काहीतरी, म्हणून सोडून देतात. आणि मग सगळे गप्प होऊन माझा तो श्वास ऐकतात. साहेबांनाही तो ऐकू येतो. तू गेल्यावर आलेल्या नव्या मुलीच्या तर अंगावर काटा आला. मी सांगितलंय ना, म्हणून येतो ऐकू. मी ती टेप सात वेळा ऐकली, ठकू. मला नाही ऐकू येत. त्यांचा आवाज ठणठणीत आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी कॉल तुला का दिला नाही.

मंगळवारी तुला कॉल देऊन मी नेहमीसारखी लाइनवर थांबले होते. आजोबा तुला म्हणाले, "तुम्ही आल्यापासून फोन करावासा वाटतो हो. आधीच्या बाई नुसता पत्ता विचारायच्या." आणि तू हसलीस. म्हणालीस, "त्या माझ्या ताई आहेत. त्यांनी पत्ता विचारला नाही तर मी कुणाकडे पोचणार?" इतकं चांगलं बोललीस तू. ते मला आजोबांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. मी तिथेच हेडफोन काढून ठेवला. दोन मिनिटं आणखी थांबले असते तर बुटाचं ऐकलं असतं.

बुधवारी पुन्हा तेच, "नर्सबाईंना द्या." मी वर बघितलं. काचेपलीकडे तुझा दिवा हिरवा. तू ते मोजे घालून पाय खुर्चीवर घेऊन बसली होतीस आणि चहा पीत होतीस. आणि मी म्हटलं, "नर्सबाई कामात आहेत. मी गाडी पाठवते." टेपवर माझ्याच आवाजात आहे हे. दिव्यांच्या नोंदीत तुझा दिवा पावणेआठला हिरवा आहे, हेही आहे. दोन्ही पुरावे कुणी शेजारी ठेवले नाहीत इतकंच. तू ठेवलेस. चार ओळींत ठेवलेस.

मला दम ऐकू आला नव्हता. काहीच ऐकू आलं नव्हतं. मला फक्त तो कॉल तुला द्यायचा नव्हता. गाडी माझी, आजोबा माझे. आंधळ्यानं दगड मारला आणि तो आंब्याला लागला, तशी त्या आजोबांपर्यंत मदत पोचली. तुझ्याकडे कॉल आला असता तर "बूट" या एका शब्दावर तू गाडी सोडली असतीस, माझ्याच इतक्या लवकर, आणि का सोडली ते तुला माहीतही असतं.

आणि मंगळवारी मी दोनदा वाजवलं नव्हतं.

एकदाही वाजवलं नव्हतं. दहा-बारा दिवस मी काचेला हातच लावत नव्हते. रुसले होते. तू दोन वेळा माझ्याकडे बघून काचेवर बोट ठेवलंस, वाजव ना, म्हणून. मी मान खाली घालून बटण दाबलं. हे तुला माहीत आहे. तुला पहिल्या दिवसापासून माहीत आहे की माझा जबाब खोटा आहे. साहेबांनी तुला तो वाचून दाखवला तेव्हा तू "ताई खोटं बोलतेय" एवढं म्हणाली असतीस तर माझी एकोणीस वर्षं त्याच खोलीत संपली असती. तू काहीच बोलली नाहीस. किल्ली शिंपीणबाईंकडे दिलीस आणि गेलीस. तुझ्या चार ओळींतही त्या दोन टकटकींचा शब्द नाही. आणि वर मी तुला मागच्या पत्रात लिहिलं की तयारी कर.

इथेसुद्धा मला तुझा हेवा वाटला बघ. वाटलं, हिला गप्प बसणंसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

शनिवारी आजोबांजवळ मी दीड तास बसले. भिंतीवर घड्याळ होतं, ते बंद होतं. त्यांनी ते उतरवायला लावलं. मी खुर्चीवर चढून काढून दिलं. ते दुरुस्त करत बसले आणि मी सुरी, स्क्रू, झाकण हातात देत राहिले. फारसं बोललो नाही. निघताना म्हणाले, "आज पत्ता नाही विचारलात."

आज सकाळी सातला मी साहेबांसमोर नवा जबाब ठेवला. दोन पानं. मंगळवारी खूण केली नव्हती. बुधवारी दिवा हिरवा असताना कॉल मुद्दाम दिला नाही. श्वासाचं नंतर रचलं. बुटाचा अर्थ असा असा, मंगळवारची टेप कुणी शेवटपर्यंत ऐकलेली नाही, ती ऐकावी. साहेबांनी ती माझ्यासमोर ऐकली. तुझा आवाज आला, "रोजचा बूट पायात गेला नाही, तर," आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मग विचारलं, "बाई, हे तुम्ही का केलंत?" मी म्हटलं, जळले. ते म्हणाले, असं लिहिता येणार नाही, काहीतरी कारण लिहा. मी म्हटलं, तेच लिहा, दुसरं नाही. त्यांनी लिहिलं. मी खाली सही केली.

अभिनंदनाचं पत्र मी स्वतः उतरवलं. चार टाचण्या होत्या. तुझ्या टेबलावरचा प्रिंटर उचलून जागेवर ठेवला. जड आहे, पाठ धरली. माझं काय होणार ते सत्तावीसला ठरेल. साहेब म्हणाले, नोकरी कदाचित राहील, फोन राहणार नाही. आजपासून हेडफोन काढून घेतलाय. आता मी मागच्या खोलीत जुन्या कॉलच्या नोंदी लावतेय. तिथे घड्याळ नाही, आणि काचही नाही.

तुला दोन दिवसांत साहेबांचं पत्र येईल, कामावर परत ये म्हणून. ये. माझ्यासाठी थांबू नकोस, आणि माझ्यासाठी रदबदली तर मुळीच करू नकोस. तू करशील हे मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगतेय. तेवढं तरी माझं मला राहू दे.

हे पत्र आईला वाचून दाखव. सगळं, मधलं काही न गाळता. कोटाचंही तिला सांग, म्हणजे मागच्या पत्रातलं. त्या पहिल्या पत्रासोबतची प्रत तिच्या उशाखाली असेल तर काढून घे. ती म्हणेल, मोठीला मी काय कमी केलं? तिला सांग, काही कमी केलं नाही. मीच मोजत बसले.

एक गोष्ट मागते. माझ्या खुर्चीत आता ती नवी मुलगी बसणार आहे. हुशार आहे, आवाज गोड आहे, तुला आवडेल. आजोबांनाही आवडेल. तिला सगळं शिकव. कॉल कसा द्यायचा, लाइनवर सूचना कशी सांगायची, दिवे कसे बघायचे. बटण दाबायला शिकव. पण काचेवर वाजवायला शिकवू नकोस. ते मी कुणाला देणार नाही.

रात्री झोपताना पलंगाच्या फळीवर हात जातो. खाली कुणी नाही हे माहीत असतं, तरी दोनदा वाजवते.

अजूनही जळणारी,
तुझीच
ताई